शाळेत कला हवी, मग कलावंत फाटकाबाहेर का?



मागच्या हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी जी समिती नेमली होती, तिच्यात आम्हीही होतो. नाच बसवायला कुणाला बोलवायचे हा विषय निघाला, तेव्हा शहरातून डान्स मास्तर आणावेत असे ठरले. आम्हीही मान डोलावली. मास्तर आले, आठ दिवसांत सिनेमातील चार गाण्यांवर चार नाच बसवले, भाड्याचे कपडे आले, मोठ्या आवाजात गाणी लागली, टाळ्या पडल्या. मास्तर आपले पैसे घेऊन परत गेले. कुणाचे काही चुकले असे त्या रात्री कुणालाच वाटले नाही.

त्या आठ दिवसांत रोज संध्याकाळी एक गृहस्थ सायकल घेऊन फाटकाबाहेर उभे असत. सहावीतल्या आपल्या मुलाला न्यायला ते येत. दिवसा ते राईस मिलमध्ये पोती उचलतात. पण दिवाळी झाली आणि गावोगावी मंडई भरू लागली की याच माणसाला आसपासच्या गावांतून बोलावणे येते. दंडारीत ते ढोलकी वाजवतात. हे आम्हाला संमेलन झाल्यावर कळले. आम्ही त्या मुलाला कौतुकाने विचारले, "बाबा ढोलकी वाजवतात हे तू कधी सांगितले नाहीस?" त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "ते गावठी असते, फादर."

हे वाक्य त्याला कोणत्या धड्यात शिकवले होते? कोणत्याच नाही. शहरातून आलेल्या मास्तरांना खुर्ची, चहा आणि पाकीट मिळाले, आणि त्याचे वडील फाटकाबाहेर उभे राहिले. एवढ्यावरून मुलाने बरोबर अनुमान काढले. आम्ही सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलो, पण त्या मुलाचे तर्कशास्त्र आमच्यापेक्षा पक्के निघाले. त्याला जे शिकायला मिळाले ते आम्हीच शिकवले होते, हे मान्य करूनच पुढचे लिहीत आहोत.

आज एक प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे. शाळेत कला शिकवणे ही मुलांना द्यायची भेट आहे की ते त्यांचे आपल्याकडे असलेले देणे आहे? भेट असेल तर पैसा आणि वेळ उरला तर द्यावी, नाही उरला तर कुणी जाब विचारणार नाही. देणे असेल तर मात्र ते थकवणे हा अन्याय ठरतो.

बहुतेक पालक कलेकडे उपयोगाच्या नजरेने पाहतात. "फादर, ढोलकी वाजवून पोट भरते का?" हा प्रश्न आम्हाला अनेकदा ऐकावा लागतो. त्यात चूक काही नाही. ज्याने पोटासाठी कष्ट केले आहेत त्यालाच हा प्रश्न सुचतो. यावर काही जण घाईने उत्तर देतात की कलेमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात. हे खरे आहे. आपल्या राज्यात चित्रकला, शास्त्रीय कला आणि लोककला यांसाठी दहावीच्या विद्यार्थ्यांना असे गुण देण्याची सोय झालेली आहे. पण कलेची किंमत गुणांत मांडली तर गुण हाती आल्यावर कला अडगळीत जाते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची प्रमाणपत्रे फाइलमध्ये नीट जपलेली आणि रंगाची पेटी मात्र वाळून गेलेली, अशी किती घरे आपण पाहिली आहेत!

ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याने 'राजनीती' या ग्रंथाच्या शेवटच्या भागात हाच प्रश्न घेतला आहे. मुलांना संगीत का शिकवावे? वाचन-लेखनाचा व्यवहारात उपयोग होतो, तसा संगीताचा होत नाही. तरीही ते शिकवावे, असे तो म्हणतो, कारण काही गोष्टी उपयोगाच्या म्हणून नव्हे, तर स्वतंत्र माणसाला शोभतात म्हणून शिकायच्या असतात. सगळीकडे केवळ उपयोग शोधत बसणे मोठ्या मनाच्या माणसाला शोभत नाही, असे त्याचे मत होते. अर्थात, त्याच्या काळी 'स्वतंत्र माणूस' म्हणजे ज्याच्या घरी काम करायला गुलाम होते तो. आपण हे विधान त्याच्या समाजाच्या कुंपणातून बाहेर काढले पाहिजे. पोती उचलणाऱ्याचा मुलगाही स्वतंत्र माणूस आहे, म्हणून जे स्वतंत्र माणसाला शोभते ते त्याचेही देणे आहे.

आणि आपल्या भागाला हे वेगळे सांगायला नको. रेल्वेच्या नोकरीनिमित्त इथे आलेल्या कुटुंबांसाठी थोडे सांगतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. इथे धान घरी आले की रात्र-रात्र नाटके चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज येथे या नाटकमंडळ्यांचे मोठे केंद्र आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारास ओसरतो. शेतात राबणारी माणसे तिकीट काढून, थंडीत कांबळे पांघरून पहाटेपर्यंत बसतात. त्याहून जुन्या दंडार आणि खडी गंमत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि इथल्या लोककला यांचा अभ्यास करून त्या लिखाणात आणल्या. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीवरील कामासाठी पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे भूमिका, असे त्यांचे काम आहे. कला ही खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांची चैन आहे असे ज्याला वाटते, त्याने एकदा मंडईच्या रात्री आपल्याकडच्या एखाद्या गावी जावे.

मग जिथे गावात एवढी कला आहे, तिथे शाळेत ती नसावी हे विचित्र नाही का?

कायद्याची आणि धोरणाची आडकाठी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने स्थानिक कलावंत आणि कारागीर यांना शाळेत शिकवण्यासाठी घ्यावे असे सुचवले. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षणाला स्वतंत्र विषयाचे स्थान आहे. त्याच्याही कितीतरी आधी, १९३७ साली, आपल्या विदर्भातच वर्धा येथे गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला. विणकराचा, सुताराचा हात शाळेत मानाने आला पाहिजे, हे त्या विचाराच्या मुळाशी होते. कागदावर दार उघडेच आहे. अडते ते आपल्या मनात.

इथे आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाकडे पाहू या, कारण त्यात अभिमानाचे आणि लाजेचे असे दोन्ही धडे आहेत. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून गावच्या मुलांना वाचनाबरोबर स्वर आणि व्हायोलिन शिकवले जाई. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले. त्या परंपरेतून पुढे मुंबईच्या सिनेमासंगीताला वादक आणि संगीत-संयोजक मिळाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. त्यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते आणि घरीच मुलाचे शिक्षण सुरू झाले. संगीतकार जोडीतील प्यारेलाल हे त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यात गुरूचे नाव अजरामर झाले. गाव, देऊळ आणि शाळा एकत्र आली म्हणजे काय घडते याचे हे उदाहरण.

पण त्याच गोव्यात १७३६ साली धर्मन्यायालयाने फर्मान काढून लोकांची लग्नातली गाणी आणि अनेक चालीरीती यांवर बंदी घातली. एका हाताने व्हायोलिन दिले आणि दुसऱ्या हाताने आजीच्या तोंडावरचे गाणे पुसले. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांनी वेगळी वाट दाखवली होती. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज धर्मगुरूने इथल्या लोकांची भाषा आणि त्यांच्या पुराणांची रीत शिकून घेतली आणि 'ख्रिस्तपुराण' ओवीत रचले. शिकवण्याआधी ते शिकले. आम्हाला वाटते, भागीदारी या शब्दाचा अर्थ इथेच आहे. ज्याच्याकडून आपल्याला काहीही शिकायचे नाही, त्याच्याशी भागीदारी होऊ शकत नाही. त्याला फार तर कामाला लावता येते.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने सांगितले. ही कसोटी शाळेने लोककलावंताशी केलेल्या व्यवहाराला लावून पाहा. पाहुणे येणार म्हणून दंडारीचे पथक प्रवेशद्वाराशी उभे केले, मिरवणूक झाली, शाल-श्रीफळ दिले, फोटो काढला आणि निरोप दिला. ही सजावट झाली. भागीदारीला आमच्या मते तीन गोष्टी लागतात. पहिली, वेळापत्रकात तास. स्नेहसंमेलनापुरता आठवडा नव्हे, तर ठरलेला वार आणि ठरलेली वेळ. दुसरी, मानधन. ज्याची त्या दिवसाची मजुरी बुडते त्याला नारळ देऊन घरी पाठवणे हा सन्मान नाही. तिसरी, काय आणि कसे शिकवायचे यात त्याचा शब्द. शाळेने आपले वर्षही त्याच्या वर्षाशी जुळवून घ्यावे. रोवणीच्या दिवसांत तो चिखलात असणार, दिवाळीनंतर रात्रभर जागणार. रोवणी आटोपल्यापासून धान कापणीला येईपर्यंतचे आठवडे मात्र त्याला जमण्यासारखे असतात. एवढे विचारायला फक्त त्याच्या घरी जावे लागते.

काही शंका रास्त आहेत, त्या झाकून ठेवणे बरे नाही. काही पालक म्हणतात, दंडारीत, गमतीत चावट बोलणे असते, ते मुलांपुढे कसे आणायचे? बरोबर आहे, रात्री बाराचे सगळेच सकाळी अकराला चालत नाही. पण निवड कलावंतासोबत बसून करावी. काय मुलांसाठी आणि काय मोठ्यांसाठी हे त्यालाही कळते. तोही बाप आहे.

दुसरी शंका अधिक खोल आहे. आमच्या ओळखीचे एक शिक्षक म्हणाले, "फादर, आमच्या बापजाद्यांनी वाजवले ते आवडीने की जातीने, हे कधी विचारलेत? आमच्या मुलांना त्यातून बाहेर पडायचे आहे." या प्रश्नापुढे आम्ही बराच वेळ गप्प होतो. ते खरे बोलत होते. ढोलकीवाल्याच्या मुलाला ढोलकीच दिली आणि साहेबाच्या मुलीला संगणक, तर कलाशिक्षणाच्या नावाने जुनीच वाटणी पुन्हा होईल. म्हणून तास सगळ्यांचा हवा. अधिकाऱ्याच्या मुलीने मिलमजुराकडून ताल शिकावा आणि मिलमजुराच्या मुलाला व्हायोलिन, चित्र, जे मन मागेल ते शिकायला मिळावे. बापाची कला पुढे चालवायची की नाही हे मुलाने ठरवावे. पण तिची लाज वाटून ती सोडणे हे ठरवणे नव्हे. ज्या गोष्टीची लाज वाटायला शिकवले आहे, तिच्याबाबतीत मनुष्य स्वतंत्र राहत नाही.

आपल्या जिल्ह्यात देवरी, सालेकसा भागात घरी गोंडी बोलणारी मुले आहेत, कुठे पोवारी, कुठे झाडीबोली, कुठे हिंदी. पुस्तकातल्या मराठीत जे मूल पहिल्या दिवसापासून मागे पडते, ते तालात मागे पडेलच असे नाही. एका तरी तासाला आपण पुढे आहोत, हे त्याला कळणे त्याच्या पुढच्या सगळ्या तासांना उपयोगी पडते. पाहा, आम्ही उपयोगाबद्दल बोलायचे नाही म्हणत होतो, आणि बोललोच!

नाझरेथच्या लोकांना आठवा. हा तर आपल्या सुताराचा मुलगा, याच्याकडून काय शिकायचे, असे त्यांना वाटले. जवळचा माणूस शिक्षक असू शकतो हे मान्य करणे त्यांना जड गेले. प्रभू तिथून निघून गेला. नुकसान गावाचे झाले.

गेल्या महिन्यात आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. संमेलनाच्या वेळी त्यांना विचारले नाही याबद्दल क्षमा मागितली आणि येत्या वर्षी आठवड्यातून एक तास शिकवाल का, असे विचारले. मानधनाची तजवीज समितीने करायची, हेही सांगितले. त्यांनी थोडा वेळ विचार केला. म्हणाले, "शिकवीन ना, फादर. पण आधी माज्या पोराले इचारा."

मुलाला अजून विचारलेले नाही. काय उत्तर येईल ते आम्हाला माहीत नाही. पण आपल्या धर्मग्रामात कुणी भजनात पेटी वाजवते, कुणी बांबूचे काम करते, कुणाच्या आजीला रोवणीची गाणी पाठ आहेत. पुढच्या रविवारी मिस्सानंतर अशा सर्वांनी थोडा वेळ थांबावे. शाळांशी बोलायचे काम आम्ही करू. आणि घरी जाताना प्रत्येकाने आपल्या मुलाला एवढेच विचारावे, की आपल्या घरातल्या कोणाची कला त्याला ठाऊक आहे. तो मान खाली घालतो की वर करतो, ते पाहावे.

तुमचे,
धर्मगुरू