गळून पडलेलं शिंग

म्हशीचं शिंग तापवलं की केस जळल्याचा वास सुटतो. सुटणारच, केस, नख आणि शिंग, तिन्ही केराटिनचीच. तो वास आला की आई माझ्या कामाच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेते. आम्ही सांगलीकडचे दिगंबर जैन, पिढीजात शेतकरी. मी सुऱ्यांना मुठी बसवतो.

शिंग हा हट्टी माल. टोकाशी भरीव, बुडाशी पोकळ. तापवून दाबलं तर सपाट होतं, पण नीट वाळलेलं नसेल तर पावसाळ्यात पुन्हा वाक धरतं, थर सुटतात, पितळी खिळ्याभोवती चीर जाते. चिंचेचा गाभा करवतीचे दात खातो, पण एकदा बसला की बसला. आईला चिंच चालते.

‘म्हैस मी मारलेली नाही’ हे उत्तर बौद्ध विनयात कदाचित टिकेल. आपल्यासाठी प्राणी मारल्याचं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंकाही नाही, तर भिक्षूला ते मांस चालतं. आमच्याकडे मात्र हिंसेला कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः करणं, करवून घेणं आणि केल्याला संमती देणं, असे तीन दरवाजे आहेत. तिसऱ्यातून मी रोज आत जातो.

श्वेतांबरांच्या उपासकदशांगात श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे सांगितले आहेत. त्यांत कोळशाचा आहे, लाकूडतोडीचा आहे, हस्तिदंतासारख्या प्राण्यांच्या अवयवांचा आहे, लाखेचाही आहे. आता माझी सुरी पाहा: पातं कोळशावर तापलेलं, मूठ लाकडाची नाहीतर शिंगाची, आणि पात्याची शेपटी मुठीत धरून ठेवते ती लाख. त्याच यादीत जमीन फोडणंही आहे, म्हणजे आमचं अख्खं शिवार गेलं! उलट आमच्या आदिपुराणात ऋषभदेवांनी माणसांना उपजीविकेची सहा कर्मं शिकवली, त्यांत पहिलं ‘असि’. तलवार आली म्हणजे तिला मूठ बसवणाराही आलाच. पण एवढ्यावर सुटका मानणं ही वकिली झाली.

मला अडवते ती मुनींची पिच्छी. मोराने आपणहून टाकलेल्या पिसांचा कुंचा. जमिनीवरची किडामुंगी हळूच बाजूला सारण्यासाठी. सांबरही दरवर्षी शिंगं टाकतं. मुठीला त्या शिंगाइतकं देखणं काही नाही: खडबडीत, हातात घट्ट बसणारं, आणि कुणाच्याही मरणाशिवाय मिळणारं. तरीही वन्यजीव कायद्याने ते सरकारची मालमत्ता, उचलणाराही गुन्हेगार. मोरपिसांना सूट आहे. पूर्वी मला यात ढोंग वाटायचं. आता कायदा शहाणा वाटतो. गळालेल्या शिंगाला भाव आला की ते गळण्याची वाट कोण बघतो? कापलेलं आणि गळालेलं, दोन्ही एकाच पोत्यात येतात. 12व्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांनी हे ओळखलं होतं. माल निपजतो तिथे जाऊन तो विकत घेण्यावरच त्यांनी बोट ठेवलं, कारण तिथल्या पैशाने शिकारी हालतो. मग पिसांच्या बाजाराचं काय, हा प्रश्न मी एका मुनींना विचारला होता. ते बराच वेळ गप्प राहिले. त्या गप्प राहण्याबद्दल मला आदर आहे.

सध्या मी शिंग विकत घेत नाही. एखादा शेतकरी गोठ्यात म्हातारी होऊन मेलेल्या म्हशीचं शिंग आणून देतो, त्याचीच मूठ करतो. शिंगाचा पैसा नाही, फक्त मजुरी. आई म्हणते, “मजुरी तरी कशाची रे?” आणि दार ओढून घेते.