गेलेले आटे

ज्याने आपली गाडी स्वतःच्या हाताने खोलली आहे, त्यालाच "आटे गेले" या दोन शब्दांतले दुःख कळेल. बोल्ट चांगला आवळलेला असतो. तरी मनाच्या समाधानासाठी पान्याला उगाच आणखी एक हिसका द्यावा, आणि एकाएकी मनगटाचा विरोधच नाहीसा व्हावा! बोल्ट फिरतो आहे, पण बसत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मोटारसायकलचे तेल बदलताना माझे हेच झाले. इंजिनाचा तळ अॅल्युमिनियमचा, बोल्ट पोलादी. झिजले कोण हे सांगायला नको. बोल्ट मात्र दुसऱ्याच्या आट्यांचा चुरा अंगाला गुंडाळून साळसूदपणे बाहेर आला.

नळाला गुंडाळतात ती पांढरी पट्टी मी बोल्टावर गुंडाळली आणि तो हलक्या हाताने परत बसवला. तेल गळेना. "झाले?" मुलाने विचारले. "झाले," मी म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात शाळेतला शिपाई गाडी विकत मागायला आला. "गुरुजी, तुमची गाडी म्हणजे डोळे मिटून घ्यावी!" म्हणाला. त्याने काही विचारले नव्हते. मग न सांगणे म्हणजे खोटे बोलणे थोडेच? वर्गात असला युक्तिवाद करणाऱ्या पोराचा मी कान पिळला असता. पण तो बोल्ट रस्त्यात निसटला, तर तेल मागच्या चाकाखाली जाणार; आणि मागे त्याची बायको, मध्ये पोर.

१८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने आट्यांना ठरावीक माप सुचवले. पुढे तसली मापे रुळली, आणि एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या दोघांनी केलेले नट-बोल्ट एकमेकांत बसू लागले. अनोळखी माणसावरचा विश्वास याहून वेगळा काय असतो?

मी पट्टी काढून टाकली. भोक मोठे केले. टॅपच्या खाचांत ग्रीस भरले, म्हणजे कीस इंजिनात न पडता तिथेच चिकटतो. अर्धा फेर पुढे, पाव फेर मागे, असे नवे आटे पाडले. त्यांत पोलादी तारेचे वेटोळे फिरवून बसवले. त्याचे शेपूट मोडून चिमट्याने बाहेर काढले (ते आत राहिले तर केलेल्या सगळ्या कामावर पाणी!). नवा वॉशर घातला. असे बसलेले आटे मूळच्या अॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत असतात.

आता तरी सांगायची गरज होती का? माझ्या मते होती. उद्या तो बोल्ट त्याच्याच हातून उघडणार. आत काय आहे हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे. पण खरे सांगू? सांगताना मला प्रामाणिकपणापेक्षा कारागिरीचाच आनंद अधिक होत होता. वेटोळे कसे बसवले हे मी रंगवून रंगवून सांगितले. शिपाई "वा, गुरुजी!" म्हणाला. मीही फुललो.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बाबा, आणि ती पांढरी पट्टी?"

मग तीही सांगितली. शिपाई काही बोलला नाही. खाली वाकून त्याने बोल्टाखाली बोट फिरवले, बोट कोरडे आहे असे पाहिले आणि विचारले, "तेल पुन्हा कधी बदलायचं?"