लाल अक्षराची मुदत

एमपी-२० क्रमांकाच्या एका स्कूटरवरचा लाल ‘एल’ उन्हापावसाने गुलाबी झालाय. मालकीणबाई माझ्या काकू. सदर, गोलबाजार, थेट ग्वारीघाट, सगळीकडे जातात. विचारलं तर म्हणतात, “अगं, शिकतेय अजून!” शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा, काकूंचं शिक्षण मात्र तिसऱ्या वर्षात गेलंय.

अडलंय कुठे? गाडी चालवण्यात नाही. अडलंय ते इंग्रजी आठच्या आकड्यात, पाय न टेकवता तो काढायचा, तोही चारचौघांसमोर! पन्नाशीत परीक्षेला बसायची लाज वाटते. मला ती खरी वाटते, हसण्यासारखी नाही.

पण नियम तितका निष्ठुर नाही. शिकाऊ परवान्याला तीस दिवस झाले की चाचणी देता येते. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा. काकूंच्या परवान्याची मुदत केव्हाच टळलीय, म्हणजे आधी नवा शिकाऊ परवाना, मग चाचणी. तोवर स्कूटर घरी.

येत्या रविवारी मोकळ्या मैदानात आम्ही चुन्याने आठ आखणार आहोत. काकांनी दोन जुन्या विटाही शोधून ठेवल्यात, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.