कमरेचा दिवा

फ्लोरिडाच्या उत्तर भागात सांता फे नदीच्या काठाला जिनी स्प्रिंग्ज हे झऱ्यांचं ठिकाण आहे. तिथल्या 'डेव्हिल्स' झऱ्यांत उतरायचं असेल आणि तुमच्याकडे गुहेतल्या डायव्हिंगचं प्रमाणपत्र नसेल, तर दिवा बरोबर नेता येत नाही. पीकॉक स्प्रिंग्जच्या सरकारी उद्यानातही हाच नियम. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उफराटं वाटतं. अंधाराच्या तोंडाशी निघालेल्या माणसाचा दिवा काढून कसला घेता? पण त्यामागचं कारण सरळ आहे. दिवा नसला की माणूस उजेड संपतो तिथून मागे फिरतो. दिवा असला की 'एवढं एक वळण बघून येऊ' म्हणत पुढे जातो. पाणी काचेसारखं नितळ असतं, त्यामुळे पुढचं वळण नेहमी जवळच भासतं. मग कुठेतरी तळाला फिन लागतो, गाळ उसळतो आणि हातातल्या दिव्याने बोटभर अंतरावरचंही दिसेनासं होतं. जिनीच्याच 'बॉलरूम' नावाच्या कपारीत मात्र साध्या डायव्हरलाही दिवा चालतो, कारण तिथे पुढची वाट लोखंडी जाळीने बंद केलेली आहे.

कॅनिस्टर लाइट, म्हणजे कमरेला बॅटरी बांधायचा मोठा दिवा, कोणता घ्यावा असं कोणी विचारलं, की मी आधी हा नियम सांगते. दिवा किती लुमेनचा, याच्या आधी तो कुठे न्यायचा आहे, हे ठरलं पाहिजे. तारकर्लीला किंवा नेत्राणीला दिवसा डाइव्ह करणाऱ्याला याची काहीच गरज नाही. तळहातात मावणारा टॉर्च कपारीतला मासा बघायला पुरतो. मालवणच्या बाजूला पाणी गढूळ असेल त्या दिवशी मोठा दिवा उलट त्रासच देतो. पाण्यात तरंगणारे कण उजळतात आणि त्यांच्या पलीकडचं दिसत नाही.

या दिव्याची रचना गुहेतून आली. बॅटरी एका जलरोधक नळकांड्यात, नळकांडं कमरेच्या पट्ट्यावर उजव्या बाजूला, तिथून मीटरभर केबल आणि केबलच्या टोकाला मुठीएवढा दिवा. तो दिवा गुडमन हँडलवर बसवलेला असतो. हँडल तळहातात अडकवलं की उजेड हाताच्या पाठीवरून निघतो आणि बोटं मोकळी राहतात. दोरी धरायला, व्हॉल्व्ह फिरवायला, गेज बघायला ती लागतातच. बॅटरी हातात असती तर मनगट तासाभरात थकलं असतं. कमरेवर तिचं वजन जाणवत नाही.

शेक एक्सली या फ्लोरिडाच्या केव्ह डायव्हरने 1979 साली 'बेसिक केव्ह डायव्हिंग : अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल' हे छोटंसं पुस्तक प्रसिद्ध केलं. गुहांमध्ये माणसं कशामुळे मरतात याची त्याने अपघात तपासून मांडणी केली होती. बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत अखंड दोरी नसणं, परतीसाठी दोन तृतीयांश हवा न राखणं आणि फार खोल जाणं, ही त्यातली ठळक कारणं. पुढे प्रशिक्षण आणि दिवे यांची भर पडून त्याचे पाच नियम झाले. दिव्यांचा नियम असा : प्रत्येकाकडे किमान तीन. एक मुख्य, दोन राखीव. मुख्य दिवा गेला की डाइव्ह संपली. राखीव दिवा बाहेर पडण्यासाठी असतो, पुढे जाण्यासाठी नाही. दुकानात सगळं लक्ष आणि सगळे पैसे मुख्य दिव्यावर जातात आणि राखीव दिवे उरलेल्या पैशांत उरकले जातात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे आणि मला ते दर वेळी खटकतं. खांद्याच्या पट्ट्यांवर रबरी कड्यात अडकवलेले ते दोन साधे दिवे, हात न चाचपडता सापडणारे आणि दिव्याचं डोकं फिरवलं की लागणारे, नीट निवडायला हवेत.

मुख्य दिव्याकडे वळते. मोठा उजेड पाहिजे म्हणून लोक तो घेतात. गुहा पाहण्याचा आनंद मोठा आहेच. चुनखडीवर पाण्याने कोरलेल्या वळ्या, मेक्सिकोच्या सेनोटींतले, म्हणजे पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या विवरांतले, लवणस्तंभ या दिव्यानेच दिसतात. पण माझ्या मते त्याचं मुख्य काम बोलणं आहे. पाण्याखाली आवाज नाही, जोडीदार पुढे आहे, त्याची पाठ माझ्याकडे आहे. माझ्या दिव्याचा अरुंद झोत त्याच्या नजरेच्या टप्प्यात, बाजूच्या भिंतीवर पडलेला असतो. तो सावकाश फिरत राहिला, तर मी मागे आहे आणि ठीक आहे, एवढं त्याला मागे न वळता कळतं. भिंतीवर गोल काढला की 'ठीक आहे ना?' आणि उत्तरही गोलानेच. झोत सावकाश आडवा हलवला तर 'इकडे लक्ष दे'. जोरजोरात हलवला तर संकट. ठरवून केलेल्या खुणांच्या पलीकडेही बरंच कळतं. नव्या, घाबरलेल्या डायव्हरचा झोत छतावर, तळावर, पुन्हा छतावर असा भिरभिरतो. त्याची भीती त्याला स्वतःला उमगण्याआधी टीमला दिसते. काही वेळा मी केवळ एका झोताची गती बदललेली पाहून थांबले आहे आणि मागच्याची खरोखरच काही अडचण निघाली आहे.

म्हणूनच झोत अरुंद हवा. सहा ते आठ अंशांचा घट्ट गाभा असलेला झोत लांबच्या भिंतीवर ठळक गोल उमटवतो आणि जोडीदाराच्या उजेडातही वेगळा ओळखू येतो. रुंद पसरणारा दिवा कॅमेऱ्यासाठी उत्तम, पण त्याने खूण करायला गेलं तर सगळी गुहाच थोडी कमी-जास्त उजळल्यासारखी वाटते. खोक्यावर छापलेला लुमेनचा आकडा मोठा दिसतो, कारण तो एकूण प्रकाश मोजतो. तो प्रकाश कुठे गोळा होतो हे त्यातून कळत नाही. शक्य असेल तर दुकानातल्या दिव्यांची तुलना करू नका. ज्यांच्याबरोबर पाण्यात जायचं आहे, त्यांच्या दिव्यांशेजारी आपला लावून बघा. एकाचा झोत बाकीच्यांपेक्षा फारच प्रखर असला, तर त्याच्या उजेडात इतरांच्या खुणा बुडून जातात.

ब्रिटनमधल्या गुहांमधली पद्धत वेगळी आहे. तिथे पाणी गार आणि गढूळ, वाट अरुंद, अर्धी कोरडी अर्धी बुडालेली, आणि पुष्कळदा डायव्हर एकटा. त्यामुळे दिवे हेल्मेटवर. 2018 साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या मुलांपर्यंत 2 जुलैला पोचलेले रिक स्टँटन आणि जॉन वोलँथन याच परंपरेतले. त्या चिखलाच्या पाण्यात कोणत्याही दिव्याचा झोत पुढे गेला नसता. तिथे हातातली दोरीच खरी. नितळ पाण्यात, टीमने जाताना मात्र हेल्मेटचा दिवा गैरसोयीचा. जोडीदाराकडे पाहिलं की त्याचे डोळे दिपतात, आणि मान हलवून खूण करता येत नाही. दोन्ही पद्धती आपापल्या पाण्यातून आल्या आहेत. एकीकडची फॅशन म्हणून दुसरीकडे उचलू नये.

दिवा कमरेवर बांधला की त्याचा संबंध बाकीच्या साहित्याशी येतो, आणि इथे शिकवणाऱ्यांनी जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं. आपण ज्यातून श्वास घेतो तो सुमारे दोन मीटरचा लांब होज नळकांड्याखालून येतो, छातीवरून तिरका जातो आणि मानेमागून तोंडाशी पोचतो. म्हणजे नळकांडं होज जागेवर धरून ठेवण्याचंही काम करतं. दिव्याची केबल उजव्या कमरेपासून डाव्या हाताकडे जाते, ती याच होजला ओलांडून. हवा संपलेल्या जोडीदाराला रेग्युलेटर द्यायची वेळ आली आणि केबल होजच्या वरून गेलेली असली, तर होज तिथेच अडकतो. मिळायला हवी ती दोन मीटरची लांबी अर्धीही मिळत नाही. म्हणून दिवा हातात घेताना, छातीवरच्या रिंगला अडकवताना, हात बदलताना दर वेळी केबल होजच्या आतल्या बाजूने आहे ना, हे बघायचं. केबल जादा लांब असेल तर ती लोंबते आणि दोरीत गुंतते. तोकडी असेल तर हात पुढे केला की मनगट मागे ओढलं जातं. विकत घेताना हात पूर्ण ताणून मोजावी.

तयारीतला माझा सगळ्यात आवडता वेळ रात्रीचा, टेबलावरचा. झाकणाच्या खाचेतली ओ-रिंग बोटांनी दाबून थोडी वर येऊ द्यायची आणि काढायची. टोकदार वस्तू लावली तर तिला ओरखडा जातो. धागा न सुटणाऱ्या कापडाने खाच पुसायची, मग ओ-रिंग दोन बोटांतून हळूहळू सरकवत फिरवायची. वाळूचा कण असला तर कातडीला आधी कळतं, डोळ्याला नंतर. सिलिकॉन ग्रीस एवढंच, की रबर ओलसर दिसावं. थापलं तर तेच धूळ धरतं. झाकण बसवण्याआधी एकदा उजेडात तिरकं धरून केस नाही ना ते पाहायचं. तीस मीटरवर चार वातावरणांचा दाब असतो आणि एका केसाच्या वाटेने पाणी आत जायला तेवढा पुरतो. भिजलेली लिथियमची बॅटरी हे गंभीर प्रकरण आहे. आत वायू तयार होऊन दाब साठू शकतो, म्हणून पाणी शिरल्याची शंका असलेलं नळकांडं उघडताना तोंड आणि हात झाकणाच्या रेषेत ठेवू नयेत.

बॅटरीचं गणित विमानतळावरही लागतं. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. शंभर वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी नेता येते, शंभर ते एकशे साठला विमान कंपनीची संमती लागते, त्यावरची प्रवासी विमानात चालत नाही. आणि सुटी बॅटरी केबिनमध्येच, टोकं झाकून. 11.1 व्होल्ट आणि 9 अँपिअर-अवर म्हणजे 99.9. उत्पादक हे आकडे मुद्दाम तिथे आणून ठेवतात. तीच 13 अँपिअर-अवरची घेतली तर 144 होतात आणि काउंटरवर समजावत बसावं लागतं. दिवा किती वेळ चालतो हे पाहताना, ठरलेल्या डाइव्हच्या दुप्पट तरी हवा असं मी धरते. बॅटरी जुनी होते, गार पाण्यात ढेपाळते, आणि परतीला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागतोच.

पूर्वीच्या डायव्हरना एवढं सोपं नव्हतं. आधी हॅलोजनचे बल्ब आणि जड लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, मग एचआयडी. एचआयडीचा पांढरा-निळसर झोत अजूनही आठवणीने सांगितला जातो, पण तो पेटायला काही सेकंद घ्यायचा, वारंवार बंद-चालू केलेला त्याला खपत नसे आणि बल्ब नाजूक. एलईडीने हे सगळं मोडीत काढलं. आता हातातच बॅटरी बसणारे, बिनकेबलचे दिवे तास-दीड तास चांगला झोत देतात. त्यांना ना केबल, ना नळकांडं. दिवसभरात एकदोन डाइव्ह करणाऱ्या आणि गुहेत फार आत न जाणाऱ्या माणसाला मी आता तेच सुचवते. फक्त नळकांडं गेलं की लांब होज कुठे अडकवायचा, हे नव्याने ठरवावं लागतं. कमरेच्या पट्ट्यात खोचणं किंवा उजव्या मांडीच्या वर छोटी पिशवी बांधणं हे दोन्ही चालतं, सराव मात्र उथळ पाण्यात करावा. लांबच्या गुहेसाठी, आणि जिथे दिव्याच्याच बॅटरीवर गरम बनियन चालवायची असते अशा गार पाण्यासाठी, कॅनिस्टर अजून टिकून आहे. माझा जुना कॅनिस्टर मी ठेवला आहे, त्यावर नवीन एलईडी हेड आणि शंभराच्या आतली बॅटरी बसवली आहे. हिवाळ्यात मेक्सिकोला जाताना तोच बरोबर असेल, आणि जोडीदाराच्या दिव्याशेजारी तो कसा दिसतो, हे पहिल्या दिवशी सेनोटीच्या तोंडाशीच तपासू.