टाच आणि मेंदू

लहानपणी वाचलेल्या गलिव्हरच्या गोष्टीत दोऱ्या होत्या, टाचा नव्हत्या. वीतभरही उंची नसलेल्या माणसांनी जमिनीला जखडून टाकलेला धिप्पाड गलिव्हर, एवढंच चित्र डोक्यात राहिलं होतं. पुष्कळ वर्षांनी मूळ पुस्तक हाती आलं, तेव्हा मुलांच्या आवृत्तीतून गाळलेलं लिलिपुटचं राजकारण वाचायला मिळालं. त्या देशात दोन पक्ष आहेत. एक उंच टाचांचे जोडे घालणाऱ्यांचा, दुसरा बुटक्या टाचांचे घालणाऱ्यांचा. एकमेकांशी खाणंपिणं नाही, बोलणंसुद्धा नाही. संख्येनं उंच टाचवाले जास्त, पण बादशहाची मर्जी बुटक्या टाचांवर. म्हणून सरकारातल्या सगळ्या जागा त्यांच्याकडे. बादशहाची स्वतःची टाच दरबारातल्या कुणाहीपेक्षा निदान एका ‘ड्रर’नं कमी, आणि ड्रर म्हणजे इंचाचा साधारण चौदावा भाग. युवराजाची एक टाच उंच आहे नि दुसरी बुटकी, त्यामुळे तो लंगडत चालतो.

जोनाथन स्विफ्टनं हे १७२६ मध्ये छापलं तेव्हा लंडनमध्ये कुणालाही टीप लागली नाही. उंच टाचा म्हणजे टोरी, बुटक्या म्हणजे व्हिग, बादशहा म्हणजे पहिला जॉर्ज आणि लंगडणारा युवराज म्हणजे दोन्हीकडे संधान ठेवून असलेला त्याचा मुलगा. गंमत अशी की स्विफ्ट स्वतः आधी व्हिगांच्या गोटात होता. १७१० मध्ये तो टोरींकडे गेला आणि त्यांच्या ‘एक्झामिनर’ या पत्रातून जुन्या मित्रांवर तुटून पडला. टाच बदलण्याचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसानंच टाचांची थट्टा केली होती.

त्या काळात पक्ष म्हणजे राज्याला जडलेला रोग, यावर शहाण्या माणसांचं एकमत होतं. राजा एक, राज्य एक, हितही एक; मग ‘आमचं’ आणि ‘तुमचं’ कुठून आलं? अमेरिकेत १७८७ मध्ये जेम्स मॅडिसननं गटबाजीवर प्रसिद्ध निबंध लिहिला. तिची कारणं माणसाच्या स्वभावातच आहेत, तेव्हा ती उपटता येणार नाहीत, फक्त तिचे परिणाम आवरता येतील, असं त्याचं म्हणणं. जॉर्ज वॉशिंग्टननं १७९६ मध्ये निरोप घेताना पक्षीय वृत्तीपासून सावध राहा म्हणून बजावलं. तोवर मॅडिसन मात्र जेफरसनबरोबर एक पक्ष उभा करण्याच्या कामाला लागलेला होता.

रोगाचं औषध होऊ शकतं, हे नीट मांडलं एडमंड बर्कनं, १७७० मध्ये. त्याच्या मते पक्ष म्हणजे टोळी नव्हे. एखाद्या तत्त्वावर एकमत झालेल्या माणसांनी देशहितासाठी एकत्र येणं म्हणजे पक्ष. एकटा चांगला माणूस दरबारातल्या कारस्थानांपुढे टिकत नाही, म्हणून चांगल्यांनीही हात धरले पाहिजेत. पण याच बर्कनं चार वर्षांनी ब्रिस्टलच्या मतदारांना सुनावलं की प्रतिनिधीनं तुम्हाला आपली विवेकबुद्धी द्यायची असते, नुसती हुकमाची तामिली नव्हे. १७८० मध्ये ब्रिस्टलची ती जागा त्याला सोडावी लागली. हात धरायचे, पण मेंदू आपला ठेवायचा, ही ओढाताण तेव्हापासूनची आहे.

पुढचं पाऊल एका विनोदातून पडलं. १८२६ मध्ये जॉन कॅम हॉबहाऊसनं कॉमन्स सभागृहात थट्टेनं ‘महाराजांचा विरोधी पक्ष’ असा शब्दप्रयोग केला. त्या थट्टेत मोठी गोष्ट दडलेली होती: सरकारला विरोध करणारा राजद्रोही नसतो, तोही राज्याचंच काम करत असतो. आपल्याकडच्या शास्त्रार्थात हे जुनं आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, त्याला मान्य होईल अशा ताकदीनं मांडायचं आणि मगच उत्तर द्यायचं. मराठीनं राजकारणासाठी ‘पक्ष’ हाच शब्द घेतला, त्याच्या मागे ही वादाची बाजूही आहे आणि पंखही आहे. एका पंखानं पक्षी उडत नाही.

समोरासमोर बसायला बाकं नसली की काय होतं, ते सुरतेत दिसलं. २७ डिसेंबर १९०७ ला काँग्रेसच्या मंडपात जहाल आणि मवाळ भिडले. टिळक व्यासपीठावर बोलायला उभे राहिले, त्यांना बोलू दिलं जाईना, आणि गर्दीतून दक्खनी बनावटीचा एक जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. पुढच्या मारामारीत खुर्च्या आणि काठ्या चालल्या. लिलिपुटमध्ये टाचेची उंची मोजत; इथे टाचेसकट जोडाच आला. पण त्या वादाला कुणी टाचांचा वाद म्हणणार नाही. स्वराज्य कसं आणि किती लवकर मिळवायचं, बहिष्कार आणि स्वदेशी कुठवर न्यायची, हे प्रश्न जिव्हाळ्याचे होते.

स्विफ्टच्या चित्रात इथेच एक खोट आहे असं मला वाटू लागलं. पक्षांमधला फरक नेहमी ड्ररभर असतो हे त्यानं गृहीतच धरलं. पुढे डिकन्सनं ‘पिकविक पेपर्स’मध्ये ईटनस्विल नावाचं गाव रंगवलं: निळे आणि बदामी असे दोन तट, दुकानं वेगळी, खानावळी वेगळ्या, चर्चमधल्या बसायच्या बाजूसुद्धा वेगळ्या. वाचताना मला आमचं गाव आठवलं. आमच्याकडे दोन गट, म्हणून दोन दूध डेअऱ्या, दोन गणपती आणि चहाच्या दोन टपऱ्या. आमच्या तात्यांच्या घरापासून एक टपरी वीस पावलांवर आणि दुसरी थेट एसटी थांब्यापाशी. वीस पावलांवरची ‘त्यांची’. तात्या पावसात, गुडघे दुखत असताना, छत्री टेकत थांब्यापर्यंत जायचे. शहरात राहून पुस्तकं वाचणारा मी मनात हसायचो.

हसणं थांबलं ते प्रतोदामुळे. प्रतोद म्हणजे बैल हाकायचा पराणा किंवा चाबूक. इंग्रजीतला व्हिप शिकारीच्या मैदानावरून आला; पांगलेली कुत्री चाबकानं कळपात आणणारा माणूस संसदेत शिरला. एकोणिसाव्या शतकात मताधिकार वाढला, पक्षांना गावोगाव संघटना आणि जाहीरनामे लागले, आणि निवडून आलेल्यानं पक्षाच्या शब्दाबाहेर जाऊ नये ही अपेक्षा घट्ट झाली. १८८२ मध्ये गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ‘आयोलँथी’ या संगीतिकेत वेस्टमिन्स्टरबाहेर पहारा देणारा शिपाई गातो, त्याचा आशय असा: सभासदांकडे मेंदू असलाच, तर मतदानाच्या वेळी तो बाहेर ठेवून आत जायचं आणि पुढारी सांगेल तसं मत द्यायचं.

आपल्या राज्यघटनेच्या मूळ मसुद्याला या पहाऱ्याची गरज वाटली नव्हती. राजकीय पक्षांची दखलच तिनं घेतली नव्हती. मग १९६७ आलं. हरियाणातल्या गयालाल या आमदारानं एका पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द घरोघरी गेला. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आलं. पक्ष घटनेत शिरले ते असे, अपात्रतेच्या कलमांतून. पक्षादेश मोडून मत दिलं किंवा गैरहजर राहिलं, आणि पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये २१ हुजूर खासदारांनी सरकारविरुद्ध मत दिलं; पक्षानं त्यांना संसदीय गटाबाहेर काढलं, पण खासदारकी शाबूत राहिली. पराण्याचा शोध लावणाऱ्यांनी त्याला एवढी धार लावली नव्हती.

गलिव्हरच्या तिसऱ्या सफरीत लगाडो शहरातला एक राजकीय वैद्य भेटतो. तो म्हणतो, दोन्ही पक्षांचे शंभर-शंभर पुढारी घ्या, सारख्या मापाच्या डोक्यांच्या जोड्या लावा, प्रत्येकाच्या कवटीचा मागचा भाग करवतीनं कापा आणि अदलाबदल करून बसवा. अर्धे अर्धे मेंदू एकाच कवटीत भांडून लवकर समेटाला येतील. त्याची दुसरी सूचना अशी: सभासदानं आपलं मत मांडावं, त्याचं हिरिरीनं समर्थन करावं आणि मग नेमकं त्याविरुद्ध मतदान करावं, त्यानं जनतेचं हमखास भलं होईल. तीनशे वर्षांपूर्वी हे वेडेपण होतं. आज एखादा आमदार स्वतःच्याच सरकारच्या विधेयकाची चिरफाड करतो आणि मतदानाला त्याच विधेयकासाठी ‘होय’ म्हणतो, तेव्हा कुणी चमकत नाही. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पक्षांतरबंदी उचलून धरली, पण पक्षादेश सरकारचं अस्तित्व किंवा मतदारांपुढे मांडलेली मुख्य धोरणं यांपुरता असावा असं सुचवलंही. ते कागदावर राहिलं.

बरं, या पहाऱ्यानं पक्षांतर तरी थांबलं का? दोन तृतीयांश आमदारांना विलीनीकरणाची वाट मोकळी आहे. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. पुढच्या निवडणुकीआधी काँग्रेसनं उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्ग्यात नेऊन निष्ठेची शपथ घ्यायला लावली. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ गेले. एकट्यानं जोडा बदलला तर तो चोर, दोन तृतीयांशांनी मिळून बदलला तर ती मिरवणूक. कायद्याच्या कचाट्यात सापडतो तो सद्सद्विवेकानं एका विधेयकावर वेगळं मत देणारा एकटा माणूस.

आणि आपण? आपण टपरीवर म्हणतो, ‘सगळे पक्ष सारखेच.’ ही लिलिपुटची थट्टाच आहे, फक्त वापरून गुळगुळीत झालेली. मला ती पूर्वी शहाणपणाची वाटे. आता वाटतं, पक्ष बदलणाऱ्याला याहून मोठा आडोसा कुणी दिलेला नाही. टाचांत फरक फक्त उंचीचा असेल, तर जोडा बदलायची लाज कशाची? फरक आहे असं धरून चालणारा मतदारच बदलणाऱ्याला जाब विचारू शकतो.

मग पक्ष म्हणजे कोण? महाराष्ट्रातल्या शिवसेनेच्या फुटीवर ११ मे २०२३ ला निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की प्रतोद नेमायचा तो राजकीय पक्षानं, विधिमंडळ पक्षानं नव्हे. निवडून आलेल्यांचा गट म्हणजे पक्ष नव्हे, हे त्यामागचं तत्त्व. पण खरा पक्ष कोणता हे ठरवताना जानेवारी २०२४ मध्ये विधानसभाध्यक्षांनी अखेर विधिमंडळातल्या बहुमतालाच वजन दिलं. मुद्दा पुन्हा डोकी मोजण्यावर आला.

आमच्या भागातला नेताही एका रात्रीत पलीकडे गेला. सकाळी दोन्ही टपऱ्यांवर त्याचेच फलक होते. पावसाचे दिवस होते, तात्या छत्री घेऊन निघाले. मी म्हटलं, “तात्या, आता तरी इथंच प्या की. साहेब आता ह्यांचेच झाले.”

तात्यांनी टपरीकडे पाहिलंसुद्धा नाही. एसटी थांब्याच्या वाटेला लागत म्हणाले, “त्यो गेला. मी कुठं गेलोय?”