वळायच्या आधी पाय काढ

गेल्या जुलैमध्ये सिंदेवाही तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर बाबांची जुनी जीप अडकली. रोवणीचे दिवस, रस्त्याची कड लोण्यासारखी मऊ. मागचं डावं चाक नालीत गरागरा फिरत होतं आणि उजवं चाक टणक मुरमावर असूनही ढिम्म हलत नव्हतं. शेवटी दादाने ट्रॅक्टर आणून ओढली.

ही जीप माझा प्रोजेक्ट आहे. पुण्यात आठवडाभर कोड लिहायचा आणि गावी आलो की हात काळे करायचे. इंजिन झालं, ब्रेक झाले. त्या संध्याकाळी ठरवलं, आता मागे मजबूत लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बसवायचं. मग आलापल्लीवरून भामरागडपर्यंतचा जंगलातला रस्ता बिनधास्त.

डिफरन्शियल लागतं कशाला? गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघं एकाच दांड्याला जखडलेली असतील तर एकाला फरफटत जावं लागेल. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतं. ते चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं, पण जोर दोघांना सारखाच देतं. ऐकायला किती न्याय्य! घोटाळा असा की नालीतलं चाक जेवढा जोर पेलू शकतं, तेवढाच मुरमावरच्या चाकालाही मिळतो. एकाला जवळजवळ शून्य, म्हणून दुसऱ्यालाही शून्य. इंजिनात ताकद भरपूर, गाडी जागच्या जागी.

हे वाचत बसलो होतो तेव्हा आई भिंतीला धरून स्वयंपाकघरात चालली होती. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. ऑपरेशन करायचं हे दोन वर्षांपूर्वीच ठरलंय. बाबा गेल्यानंतर दादाने आणि मी एक नियम केला होता: घरातला प्रत्येक खर्च अर्धा-अर्धा. कोणाचे उपकार नकोत, कोणाचं ऐकून घेणं नको. पण दादाचं सगळं धानावर. गेल्या हंगामात ऐन कापणीत पाऊस आला आणि त्याचा अर्धा काही जमला नाही. म्हणून माझाही अर्धा बँकेतच राहिला. त्याच बँकेतून मी जीपसाठी डिफरन्शियल घ्यायला निघालो होतो, माझ्या एका महिन्याच्या पगाराइतक्या किमतीचं.

मला लाज वाटली. पण लाज वाटली की लगेच चुकीचा उपाय सुचतो. मला सुचला तो असा: सगळे पैसे मीच देतो, विषय संपला.

गाड्यांमध्येही हा उपाय आहे. गॅरेजवाले काका म्हणालेच होते, “मधल्या गिअरांना वेल्डिंग मारून टाकू, स्वस्तात काम.” मग दोन्ही चाकं कायम एकाच वेगाने फिरणार. चिखलातून गाडी निघेल, पण डांबरी रस्त्यावरच्या प्रत्येक वळणावर टायर घासणार, ॲक्सलवर ताण येणार, आणि एक दिवस तो तुटणार. हे मी घरी करून बसलोय. तीन वर्षांपूर्वी बोअरवेल मी एकट्याने, फोनवरून, दोन दिवसांत करून टाकली. पाणी लागलं. पण तेव्हापासून दादा प्रत्येक गोष्टीत म्हणतो, “तू म्हणशील तसं.” त्याच्याच घरात तो माझ्या वेगाने चालायला लागला.

मग मधला मार्ग. टॉर्सन नावाचा प्रकार फार हुशार आहे: कमी पकड असलेलं चाक जेवढा जोर पेलतं, त्याच्या साधारण तिप्पट दुसऱ्या चाकाला देतो. मला वाटलं, हेच! तू एक दे, मी तीन देतो. पण चाक हवेत लटकलं की शून्याची तिप्पटही शून्यच. आणि धानाच्या वाईट वर्षी दादाचा आकडा शून्यच असतो.

राहिला क्लच प्लेटवाला प्रकार. १९३५ साली फर्डिनांड पोर्शेंनी ऑटो युनियनच्या रेसच्या गाड्यांसाठी झेडएफ कंपनीकडून लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बनवून घेतलं होतं, कारण ताकद अफाट आणि एक चाक नुसतं फिरत राहायचं. क्लच प्लेटवाल्यात प्लेटा आधीपासूनच थोड्या दाबून बसवलेल्या असतात. एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला काही जोर मिळतोच. वळणावर मात्र प्लेटा सरकतात, फरक होऊ देतात. ‘लिमिटेड’ या शब्दाचा अर्थ मला तेव्हा नीट कळला. फरक मिटवायचा नाही, फरकाला मर्यादा घालायची. किंमत एवढीच की प्लेटा झिजतात. अधूनमधून उघडून बघावं लागतं.

हे सगळं मी दादाला जीपबद्दल म्हणून सांगत होतो. तो बांधीच्या धुऱ्यावर बसून ऐकत होता. म्हणाला, “हे तर ट्रॅक्टरले आहेच ना. टाचेखाली पेडल रायते. एक चाक फसलं का दाबाचं.” मग थांबून म्हणाला, “पण वळाच्या आधी पाय काढून घेजो. नाही तं आतून मोडते.”

त्याला फक्त ट्रॅक्टर म्हणायचा होता का, मी विचारलं नाही. पण त्या रात्री अर्ध्या-अर्ध्याचा नियम मी काढला. म्हटलं, आईच्या ऑपरेशनसाठी एक ठरावीक रक्कम माझ्याकडून, तुझा हंगाम कसाही जावो. कुठे करायचं, कधी करायचं, हे तू आणि आई ठरवा. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दवाखान्यात मी राहीन. आन् औषधाचे पैसे माझे.” मी “कशाला?” म्हणणार होतो. पाय काढून घेतला.

समान वाटणी म्हणजे न्याय, असं आपण लहानपणापासून मानतो, कारण ती मोजायला सोपी असते. पण जमीनच सारखी नसेल तर समान वाटणी दोघांनाही थांबवते, आणि जबरदस्तीची एकी वळणावर मोडते. मधलं काही हवं असेल तर किती दाबायचं आणि कुठे सोडायचं, हे रस्ता माहीत असलेल्यालाच विचारावं लागतं.

ऑपरेशन रोवणी आटोपल्यावर आहे. तारीख दादाने ठरवली. डिफरन्शियल अजून घेतलेलं नाही. जीप फसली की दादाचा ट्रॅक्टर आहे.