साठीनंतरची वारी आणि अंगावरचे ओझे

वारीला निघताना पडशी भरण्याची एक विद्या आहे, आणि जुना वारकरी ती नवख्याला शिकवतो. दोन धोतरे पुरेत, तिसरे नको. तांब्या हलका घ्या. पावसाचा कागद वर ठेवा. जे लागेल की नाही अशी शंका आहे ते घरीच राहू द्या. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट आहे. पुण्यात न जाणवलेला अर्धा किलो दिवे घाटात दगडासारखा लागतो, हे त्या जाणत्याला ठाऊक असते. परंतु हाच जाणता साठी ओलांडल्यावर पोटावर आणि कमरेवर दहा-बारा किलोंची दुसरी पडशी बांधून चालू लागतो आणि तिचा मात्र हिशेब ठेवीत नाही. खांद्यावरची पडशी मुक्कामाला उतरवता येते. ही झोपेतही अंगावरच असते.

त्या दुसऱ्या पडशीविषयी आज चार शब्द बोलावे असे आमच्या मनात आहे.

कोणी म्हणेल, बुवा, हे परमार्थाचे मासिक, इथे वजनकाट्याची भाषा कशाला? देह तर जायचाच आहे. प्रश्न रास्त आहे. संतांनी देहाला नावे ठेवली हे खरे; पण त्यांनीच नरदेहाची थोरवीही सांगितली, कारण नाम घ्यायला जीभ लागते आणि वारीला पाय लागतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणाऱ्याला योग साधत नाही म्हटले, आणि उपाशी राहणाऱ्यालाही साधत नाही म्हटले. त्यावर ज्ञानोबारायांनी आहार, बोलणे, चालणे, झोप या सगळ्यांनाच माप लावायला सांगितले आहे. देहाचे चोचले पुरवणे वेगळे आणि देह नीट ठेवणे वेगळे. पखवाजाला शाई-कणीक वेळच्या वेळी लावणाऱ्याला आपण चैनी म्हणत नाही.

आणि इथे नुसता देहाचा प्रश्न नाही, वारीचा आहे. प्रत्येक दिंडीत दोन-चार म्हातारे असे असतात की ज्यांनी वीस-पंचवीस वारी पायी केल्या, आणि आता सामानाच्या ट्रकात बसून पुढच्या मुक्कामाला जातात. टाळांचा आवाज मागून येतो तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. वाहनाने जाण्यात पाप नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो; ज्याचे हृदय दुबळे, ज्याचे सांधे खरोखर गेलेले, त्याने ट्रकात बसावे आणि सुखाने नाम घ्यावे. पण ज्याचे पाय अजून चालू शकतात आणि केवळ अंगावरच्या ओझ्याने अडले आहेत, त्याच्यासाठी जीव तळमळतो.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या आणि वारकरी घरी बसले. २०२२ साली पायी सोहळा पुन्हा सुरू झाला तेव्हा पुष्कळांना कळले की दोन वर्षांत आपण किती जड झालो. पहिल्या चार दिवसांतच गुडघ्यांना पट्ट्या बांधाव्या लागल्या. बसलेला देह इतक्या लवकर विसरतो!

गुडघ्याचे गणित ऐका. वजन जास्त असलेल्या आणि गुडघे झिजलेल्या वयस्कर माणसांची चाल मोजून संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले की अंगावरचे एक किलो वजन कमी झाले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. म्हणजे पाच किलो उतरले तर दर पावलाला वीस किलो. दिवसाला वीस किलोमीटर चालणारा म्हातारा पंचवीस-तीस हजार पावले टाकतो. गुणाकार ज्याचा त्याने करावा.

आता हे ओझे येते कुठून? म्हातारपणी भूक थोडी कमी होते, मग वजन का वाढावे? त्याचे कारण आपल्या संतांच्या चरित्रांत उलट्या बाजूने दिसते. जनाबाई दळत होती, गोरोबाकाका चिखल तुडवीत होते, सावतोबा मळ्यात राबत होते. त्यांचे नाम कामाच्या ठेक्यावर चालले. आपले काय होते? मुलगा म्हणतो, आबा, आता तुम्ही आराम करा. सूनबाई हातातली कळशी काढून घेते. त्यांची माया खरी, पण त्या मायेने आबा ओसरीवरून उठतच नाहीत. हातात जपमाळ, पुढ्यात चहा. साखरेचे दोन चमचे घातलेला चहा दिवसातून आठ वेळा झाला तर नुसत्या साखरेचे तीनशेवर उष्मांक होतात, दीड भाकरीइतके. त्यात आजीबाईंचे आणखी एक. उरलेले अन्न टाकवत नाही म्हणून नातवाच्या ताटातला भात, कढईतली खरवड, सगळे त्यांच्या पोटात. अहो माय, अन्न ब्रह्म आहे म्हणून तर ते मोजून शिजवावे! आपले पोट हे उरलेल्याचे भांडे नव्हे.

आणि एकादशी. इथे आम्ही थोडे कठोर बोलणार आहोत. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्यावरच तयार झाली आहे आणि ती खोटी नाही. साबुदाणा म्हणजे कसावाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ पिठूळ अंश. त्यात प्रथिन नावालाही नाही. पाऊण वाटी साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट, दोन चमचे तूप अशी एक बशी खिचडी पाचशे उष्मांकांच्या घरात जाते. ज्वारीच्या दोन भाकऱ्यांहून ती जास्तच भरते. वर बटाट्याचा कीस, रताळ्याच्या चकत्या, संध्याकाळी पुन्हा वरीचा भात आणि आमटी. महिन्यात दोन एकादश्या, आणि दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे पुरणपोळीचे! ज्या दिवशी पोट हलके ठेवून मन हरीपाशी ठेवायचे, त्याच दिवशी आपण सर्वांत जड जेवतो. फराळ करायचाच तर एक वेळ करावा, ताक, दूध, फळ, थोडी राजगिऱ्याची भाकरी यांवर भागवावे, आणि उरलेला वेळ भजनाला द्यावा. वारीतल्या अन्नदानाचेही असेच. गावोगावचे लोक प्रेमाने शिरा, बुंदी, चिवडा हातावर ठेवतात. प्रसाद म्हणून चिमूटभर घेतला तरी तो प्रसादच. काही जण अडीचशे किलोमीटर चालूनही वजन वाढवून परत येतात, ते याच्यामुळे.

परंतु हे ऐकून कोणी उद्यापासून जेवण सोडील, तर त्यालाही आमचा विरोध आहे. आमच्या परिचयातील एका विणेकऱ्यांनी सत्तरीत असा निग्रह केला. दोन महिने एक वेळ पेज घेतली. काटा नऊ किलो खाली आला, सगळ्यांनी वाहवा केली. पण वीणा घेऊन उभे राहिले की पाय थरथरू लागले, आणि एके पहाटे न्हाणीघरात पडून मनगट मोडले. त्यांचे वजन उतरले खरे, पण चरबीबरोबर मांसही उतरले. तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांत माणसाच्या स्नायूंचा तीन ते आठ टक्के भाग आपोआप कमी होत जातो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. अशा वयात उपाशी राहिले आणि हालचालही केली नाही, म्हणजे जे राखायचे तेच आधी जाते.

म्हणून घाई नको. महिन्याला एक-दोन किलो, त्याहून जास्त नाही. ऐंशी किलोंच्या माणसाने सहा महिन्यांत चार-पाच किलो उतरवले तरी रक्तदाब आणि मधुमेह यांत फरक दिसतो. काट्याबरोबर शिंप्याची फीतही वापरावी. बरगड्या आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध माप घ्यावे. आपल्या देशातील पुरुषाचे नव्वद सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीचे ऐंशीच्या वर गेले की सावध व्हावे. आणि काही न करता वजन आपले आपण उतरू लागले, सदरा ढिला होऊ लागला, तर आनंद मानू नये. तडक डॉक्टरांकडे जावे.

जेवणात कमी काय करायचे ते सांगितले, आता वाढवायचे ते. माळकऱ्याच्या ताटात भाकरी-भात भरपूर आणि डाळ पातळ, हा जुना दोष आहे. म्हाताऱ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅमच्या थोडे वर प्रथिन लागते. साठ किलोंच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम. एक वाटी घट्ट वरण किंवा मटकीची उसळ सात ग्रॅमच्या आसपास देते, पेलाभर दूध आठ, मूठभर शेंगदाणे सात-आठ, ज्वारीची एक भाकरी सहा. बेरीज केली म्हणजे लक्षात येते की दोन्ही वेळा उसळ किंवा घट्ट वरण, शिवाय दूध-दही असल्याशिवाय ती भरत नाही. भात निम्मा करा, डाळ दुप्पट करा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करावे.

मधुमेही माउलींना आणखी एक हात जोडून विनंती. साखर उतरवण्याच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन वर निर्जळा एकादशी धरली, तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो. एकादशीच्या आधीच डॉक्टरांना गोळीचे कसे करायचे ते विचारा. ते उपास करू नका म्हणाले तर करू नका. नामाची एकादशी धरा. पायांना बधिरपणा असेल तर अनवाणी चालण्याचा नेमही सोडा. खडा रुतलेला कळत नाही, आणि जखम पायावर बेतते.

व्यायामासाठी आखाडा शोधायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की वयस्कर माणसाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटे जरा दम लागेल असे चालावे, दोन दिवस स्नायूंना ताण देणारे काम करावे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. आम्ही ते वाचले तेव्हा हसू आले, कारण हे तिन्ही आपल्या संप्रदायात आधीपासून आहे. चालणे तर आहेच. आपण एकमेकांच्या पाया पडतो, वाकतो, उठतो. रोज दहा वेळा, गुडघे साथ देतील तितके, हात न टेकता खुर्चीवरून उठावे-बसावे, मांड्या शाबूत राहतात. पावली खेळताना पाऊल पुढे, मागे, बाजूला पडते. तोलाचा याहून गोड अभ्यास कोणता? भिंतीजवळ उभे राहून, लागला तर आधार घेऊन, एका पायावर दहा आकडे मोजा, मग दुसऱ्या. आजीबाईंनी फुगडी जपून घालावी, पण पाण्याची अर्धी कळशी स्वतः उचलावी, सुनेला देऊ नये. चालताना छातीत दुखले, डाव्या हातात कळ गेली, विचित्र घाम फुटला, तर नेम पुरा करण्याचा हट्ट न धरता तिथेच थांबावे आणि मदत बोलवावी.

माघी वारी झाली की ज्येष्ठ वद्य अष्टमीपर्यंत, माउलींचे प्रस्थान होईपर्यंत, चार महिने हातात असतात. पहिल्या पंधरवड्यात सकाळी वीस मिनिटे, हरिपाठ म्हणत. मग दर आठवड्याला पाच-दहा मिनिटे वाढवीत चैत्रापर्यंत तासावर न्यावे. वैशाखात उन्हाच्या आधी, पहाटे, आठवड्यातून एकदा दहा किलोमीटर, पाठीवर खरी पडशी घेऊन. सोबतीला दिंडीतला एखादा समवयस्क असू द्या, एकट्याचा नेम लवकर मोडतो. नवीन चप्पल घ्यायची असेल तर चैत्रातच घ्या आणि गावातच झिजवा. नवी कोरी चप्पल घालून आळंदीहून निघालेल्यांच्या पायांना फोड आलेले आम्ही दर वर्षी सासवडला पाहतो.